डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवर: २९० वॅटच्या एसएमपीएसवर कोणतं ग्राफिक्स कार्ड चालेल?

गोदाकाठ:

रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० मिनी टॉवर आहे. आय५-४५९०, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, विंडोज १० असलेली एसएसडी आणि डेटासाठी १ टीबीची हार्ड डिस्क. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच, इंटेल एचडी ४६००. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स या इंजिनवर रेंडर करायचं आहे, थोडं फुल एचडी व्हिडिओ एडिटिंग आणि अधूनमधून गेम. डोक्यात आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे.

आतला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, २९० वॅटचा आहे आणि त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी एकही कनेक्टर येत नाही. मदरबोर्डला जाणारा कनेक्टर नेहमीचा २४ पिनी नसून ८ पिनी आहे. दुकानदार म्हणतो, साटा (डिस्कचा कनेक्टर) टू ८ पिन कन्व्हर्टर लावा, काम होतं. दुसरा म्हणतो, डेलला बाहेरचा एसएमपीएस बसतच नाही. खरं काय? आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे, त्याचं काय करायचं?

तांब्याची तार:

दोन्ही दुकानदारांचं ऐकू नका. विशेषतः पहिल्याचं.

साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ग्राफिक्स कार्डाच्या ८ पिनी कनेक्टरचं मान्य माप १५० वॅट आहे. ३०६० ने रेंडर सुरू केलं की ते त्या ५४ वॅटच्या तोंडातून १०० वॅटच्या आसपास ओढू लागेल. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग पिना सैल होतात, मग वितळतं. शिवाय ९०२० मध्ये हार्ड डिस्कची साटा पॉवर मदरबोर्डातूनच येते. म्हणजे हा भार एसएमपीएसच्या तारांवर नाही, बोर्डाच्या ट्रेसवर, म्हणजे बारीक तांब्याच्या रेषांवर, पडेल. तो कन्व्हर्टर फुकट दिला तरी घेऊ नका.

आता हिशेब. आय५-४५९० चं टीडीपी, म्हणजे भाराखाली लागणारी साधारण वीज, ८४ वॅट. बोर्ड, रॅम, दोन डिस्क, पंखे, यूएसबी मिळून ४५-५० धरा. म्हणजे १३० ते १३५ वॅट कार्डाशिवाय. ३०६० चे १७० मिळवले की ३०० च्या वर गेलात. २९० मध्ये हे बसत नाही, चर्चाच नको.

पण एसएमपीएस बदलायलाच हवा का, हे आधी ठरवा. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ७० वॅटची आहे आणि सगळी वीज स्लॉटमधूनच घेते. एकूण २०० ते २०५ वॅट, मूळ एसएमपीएसवर निवांत. ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स (रेंडर वेगवान करणारं एनव्हिडियाचं तंत्र) मिळतं, व्हिडिओसाठी हार्डवेअर एन्कोडर मिळतो. कार्ड बसवायचं, ड्रायव्हर टाकायचा, संपलं.

इथे नावाचा घोळ आहे, नीट पाहा. आरटीएक्स ३०५० याच नावाची ८ जीबीचीही आवृत्ती आहे. ती १३० वॅटची, तिला वेगळी पॉवर केबल लागते. दोन्हींची खोकी सारखीच दिसतात. खोक्यावर ६ जीबी आहे ना, आणि कार्डाच्या वरच्या कडेला पॉवरचा कनेक्टर नाही ना, या दोन्ही गोष्टी पैसे देण्याआधी डोळ्यांनी पाहा.

३०६० चा खरा फायदा १२ जीबी मेमरीचा. सायकल्समध्ये सीन कार्डाच्या मेमरीत मावला तर वेग मिळतो, नाही मावला तर रेंडर रखडतं किंवा मेमरी संपल्याचा संदेश देऊन थांबतं. ४के टेक्स्चर, गवत, केसांचे पार्टिकल असं काम असेल तर ६ जीबी लवकर भरते. तसं काम नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: ३०५० ६ जीबी घ्या आणि उरलेल्या पैशांत रॅम वाढवा.

काटकोन:

वरचं सगळं बरोबर. तरी ३०६० च घ्यायचं ठरलं तर बाहेरचा एसएमपीएस ९०२० मिनी टॉवरला व्यवस्थित बसतो. साधा एटीएक्स मापाचा, १४ सेंटिमीटर खोलीचा घ्या. मागचे चारही स्क्रू जुळतात. ५५० वॅट पुरे, पण खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा बाजूचा तक्ता वाचा: १२ व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास हवेत. स्वस्त मालात ५५० लिहिलेलं असतं आणि १२ व्होल्टच्या रकान्यात ३० अँपिअरच असतात. म्हणजे तो ३६० वॅटचाच एसएमपीएस.

अडचण फक्त मदरबोर्डच्या कनेक्टरची. डेलचा हा बोर्ड एसएमपीएसकडून १२ व्होल्टच घेतो, ५ आणि ३.३ स्वतः बनवतो. म्हणून २४ पिनांची गरज नाही. त्यासाठी २४ पिनी टू डेल ८ पिनी असा अ‍ॅडॅप्टर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मागताना मॉडेल सांगा: ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२०, ९०२०. नुसतं ‘डेलचा’ म्हणाल तर पुढच्या पिढीच्या मशीनचा ६ पिनी हातात पडेल.

अ‍ॅडॅप्टरची तार जाड हवी, १८ गेज. कारण असं की २४ पिनी कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या पिवळ्या तारा दोनच असतात, १० आणि ११ क्रमांकाच्या पिनेवर. बोर्ड, रॅम, डिस्क, यूएसबी आणि ग्राफिक्सच्या स्लॉटला लागणारे साडेपाच अँपिअरपर्यंत, हे सगळं त्या दोन तारांतून जातं. क्रिंप (तार पिनेत दाबून केलेला जोड) चांगलं असेल तर त्यांना ते झेपतं. बारीक तारांचा, सैल पिनांचा अ‍ॅडॅप्टर मात्र तिथेच तापतो. बसवल्यावर अर्धा तास रेंडर चालवा आणि जोडाला बोट लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. काही अ‍ॅडॅप्टरवर काळ्या श्रिंक स्लीव्हमध्ये छोटी पट्टी असते. ती स्टँडबायचा व्होल्टेज चढवते. ती कोपऱ्यात दाबून कोंबू नका, तिला हवा लागू द्या.

काम करताना: वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज जातो. जुन्या जोडणीचा फोटो काढा. मदरबोर्डचा ८ पिनी आणि प्रोसेसरचा ४ पिनी असे दोन कनेक्टर सोडवा, चार स्क्रू काढा, आतला लॅच दाबून एसएमपीएस पुढे सरकवून उचला. नवा बसवताना प्रोसेसरला ४+४ मधला अर्धाच भाग लागतो. दोन अर्ध्यांपैकी ज्याच्या खाचा जुळतात तोच जातो, जोर करू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. डेलचा ८ पिनी, प्रोसेसरचा ४+४ आणि ग्राफिक्सचा ६+२ हे तिन्ही लांबून एकसारखे दिसतात, पण आतली वायरिंग वेगळी असते. प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्सच्या कनेक्टरमध्ये तर १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट आहेत. केबलवर छापलेलं वाचा: सीपीयू आणि पीसीआयई. मॉड्युलर (केबल काढता येणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्या खोक्यातल्याच केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल एसएमपीएसच्या बाजूला बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असतो आणि डिस्क जळते.

डिस्कच्या पॉवर केबल आहेत तशाच बोर्डावर राहू द्या.

लांबी मोजायला विसरू नका. मागच्या पट्टीपासून डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेप लावा आणि त्यातून २ सेंटिमीटर वजा करा. तीन पंख्यांचं कार्ड इथे डोक्यातून काढा. दोन पंख्यांची छोटी कार्डं मिळतात, झोटॅकचं ३०६० ट्विन एज २२४ मिलिमीटरचं आहे. कार्डाखाली साटाच्या केबल दबतात का तेही बघा, काटकोनी टोकाची साटा केबल तिथे उपयोगी पडते. आणि कार्ड प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्येच लावा. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी आत चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत.

गोदाकाठ:

मनापासून आभार. ६ जीबी ३०५० कडे मन वळलंय. आता दोन शंका: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदलायला लागेल का, आणि व्हीजीए मॉनिटरचं?

रिकामा स्लॉट:

मॉनिटरचं आधी. या कार्डांना व्हीजीए नसतं. एचडीएमआय टू व्हीजीए लागेल, तोही आत चिप असलेला अ‍ॅक्टिव्ह. नुसती दोन टोकं जोडलेली स्वस्त केबल डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉग करू शकत नाही, तिने स्क्रीन काळीच राहील. आणि केबल कार्डाला लावा, मदरबोर्डच्या जुन्या पोर्टला नाही. ‘कार्ड चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघतं.

बायोस: कार्ड लावण्याआधीच डेलच्या साइटवरून शेवटची आवृत्ती टाकून घ्या. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, यूपीएसवर करा. मग मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदला. या पिढीचं मशीन दहा वर्षं ओलांडून गेलंय, मूळ बॅटरी संपत आलेली असते. ती मेली की बायोस मूळ सेटिंगवर जातं, आणि डेलचं मूळ साटा सेटिंग ‘रेड ऑन’ (RAID On) असतं. विंडोज एएचसीआय या दुसऱ्या साटा सेटिंगवर टाकलेली असेल तर निळी स्क्रीन येते आणि लोक दोष नव्या कार्डाला देतात. म्हणून आत्ताच एफ२ दाबून बायोसमध्ये जा, साटा ऑपरेशन काय आहे ते टिपून ठेवा.

बूट लिस्ट लेगसी (सुरू होण्याची जुनी पद्धत) असेल तरी कार्ड बहुतेक चालतं. सुरुवातीची स्क्रीन येत नसेल तरच यूईएफआयकडे (नव्या पद्धतीकडे) जा. पण तो पर्याय नुसता बदलला तर विंडोज सुरू होणार नाही, कारण लेगसीतली डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असते आणि यूईएफआयला जीपीटी मांडणी लागते. विंडोज १० मध्येच एमबीआर टू जीपीटी नावाचं साधन आहे, डेटा न पुसता डिस्क बदलतं. बॅकअप घ्या, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून आधी व्हॅलिडेट चालवा, ते यशस्वी झालं तरच कन्व्हर्ट. मग बायोसमध्ये यूईएफआय करा आणि लेगसी ऑप्शन रॉम बंद करा.

सगळं झाल्यावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. ३०५० ६ जीबी मुळात आठ लेनचं कार्ड आहे, त्यामुळे या बोर्डवर ‘एक्स८ ३.०’ दिसणं बरोबर. ३०६० असेल तर ‘एक्स१६ ३.०’ दिसायला हवं. आकडा कमी दिसला तर कार्डावर भार टाकून पुन्हा बघा, रिकामं असताना ते वेग उतरवतं. भाराखालीही लेन कमीच असतील तर कार्ड काढून सोन्याच्या पट्ट्या पुसा आणि नीट दाबून बसवा.

इंटेल आर्कची कार्डं स्वस्त दिसतील, पण त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवा आणि या बोर्डात तो नाही. ती सोडा.

मळ्यातला:

विषय जवळचाच म्हणून इथेच विचारतो. एचपी एलिटडेस्क ८०० जी१ टॉवरला हाच डेलचा अ‍ॅडॅप्टर चालेल का?

काटकोन:

नाही. एचपीच्या त्या बोर्डाला मुख्य कनेक्टर ६ पिनी आहे, त्याचा २४ टू ६ वेगळा मिळतो. तोही एचपीचाच मागा, डेलच्या ६ पिनीची वायरिंग वेगळी. आणि त्या सॉकेटमध्ये ग्राफिक्स कार्डाची ६ पिनी केबल चुकूनही घालू नका.

९०२० चं स्मॉल फॉर्म फॅक्टर मॉडेल असलेल्यांनीही वरचं एसएमपीएसचं सगळं सोडून द्या. त्यात एटीएक्स मावत नाही, कार्डही अर्ध्या उंचीचंच लागतं. ३०५० ६ जीबी अर्ध्या उंचीत मिळतं, तोच मार्ग.

तांब्याची तार:

गोदाकाठ, रॅमबद्दल राहिलं. ८ ची दुसरी स्टिक टाका, डीडीआर३ १६००, साधी अनबफर्ड. बाजारात सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी फार स्वस्तात मिळते, ती या बोर्डावर सुरूच होत नाही. दोन स्टिक एकाच रंगाच्या क्लिपांच्या स्लॉटमध्ये लावा म्हणजे ड्युअल चॅनल होईल. १६ जीबीखाली ब्लेंडर आणि ब्राउझर एकत्र उघडू नये.

यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच देतो. ३०५० सोबत मॉनिटर धरूनही चालेल. ३०६० घेतलं तर १००० व्हीएच्या पुढचा बघा. नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असतं, आणि छोट्या यूपीएसवर वीज जाण्याच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होतं. दोष एसएमपीएसचा नसतो. सॉकेटला अर्थिंग आहे का तेही मीटरने पाहा: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर नवं कार्ड लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणखी एक, खर्च करण्याआधी लक्षात असू द्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर नाहीत. म्हणून या मशीनमध्ये पैसे अशाच भागांत घाला जे पुढच्या मशीनमध्ये नेता येतील. कार्ड नेता येतं, एटीएक्स एसएमपीएस नेता येतो. डीडीआर३ रॅम आणि अ‍ॅडॅप्टर नेता येत नाहीत, ते सेकंडहँडच घ्या. पण अ‍ॅडॅप्टर घेतलात तर त्याच्या पिना भिंगाखाली पाहूनच.