स्वतःचा व्यवसाय चालवायला स्वभावात नेमके काय असावे लागते?

भोसरीचा_सेटर

मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी (संगणकावर चालणारे, धातूचे सुटे भाग कापणारे) मशीनवर सेटर, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणारा, आहे. ड्रॉइंग वाचणे, फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी जोडणी) बनवणे, प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणे ही कामे मला येतात आणि एखादे वापरलेले मशीन घेऊन स्वतःचे जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे नग बनवून देण्याचे काम, सुरू करावे, असा विचार बरेच दिवस मनात आहे. भांडवलाचा हिशेब मांडून झाला आहे, घरच्यांचीही हरकत नाही. प्रश्न आहे तो स्वभावाचा. मी मितभाषी आहे, भाव ठरवताना अवघडतो आणि दिलेले पैसे परत मागणे मला जमत नाही. धंद्याला लागणारी धमक तुझ्यात नाही, असे नातेवाईक म्हणतात. धाडस, बोलकेपणा, चिकाटी अशी जी यादी सगळीकडे वाचायला मिळते, तिच्यातल्या कशावाचून खरोखर अडते, हे स्वतः व्यवसाय करणाऱ्यांनी सांगावे, ही विनंती.

जॉबवर्कवाला

बोलकेपणावाचून काहीही अडत नाही. आपल्या क्षेत्रात पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीला, गप्पा नको असतात. माल ठरलेल्या तारखेला आणि मापात हवा असतो, आणि उशीर होणार असेल तर ते वेळेआधी कळायला हवे असते. मितभाषी माणूस न जमणारी तारीख सहसा देत नाही, हा उलट फायदाच झाला. मात्र पैसे मागण्याचा संकोच ही गंभीर बाब आहे. तुम्ही ती शेवटी लिहिली असली तरी मी पहिली धरीन.

कामगारांचा पगार, वीजबिल आणि मशीनचा हप्ता यांची तारीख ठरलेली असते आणि तुमच्या बिलाचे पैसे मात्र साठ-नव्वद दिवसांनी येतात. मधला सगळा काळ खेळत्या भांडवलावर काढावा लागतो. हातात भरपूर काम असताना बंद पडलेली वर्कशॉप्स मी पाहिली आहेत, ती याच कारणाने. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि करार नसल्यास १५ दिवसांत. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, मुदत उलटूनही थकवलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष चुकती करेल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सुरुवातीलाच करून घ्या. पण कायदा मागणाऱ्याच्याच उपयोगी पडतो.

आणि मागणे म्हणजे भांडणे नव्हे. बिल अडकते ते पुष्कळदा दानत नसल्यामुळे नव्हे, तर मालासोबत दिलेल्या तुमच्या चलनावर स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केलेली नसते, किंवा चार नग रिजेक्ट होऊन त्यांची डेबिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वजा करण्याची नोंद) निघायची राहिलेली असते, आणि हे तुम्हाला कोणी आपणहून कळवत नाही. आठवड्यातल्या एका ठरलेल्या वारी अकाउंट्सला फोन करून ‘अमुक चलनाची जीआरएन झाली का?’ एवढेच विचारत जा. यात लाजण्यासारखे काही नाही आणि निम्मी वसुली त्यातच होते.

सांडगे_कुरडया

माझा व्यवसाय खाद्यपदार्थांचा आहे, तरीही वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एकच भर घालते. अडचणीकडे रोजच्या कामातली एक बाब म्हणून पाहता आले पाहिजे. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी उसन्या ८० रुपयांवर केली, हे सर्वांना ठाऊक असते. मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले, तर दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली, खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी पेटवली. याला धाडस म्हणता येणार नाही, पण व्यवसाय अशाच गोष्टींवर टिकतो. स्वस्तातला हलका पापडही काढावा, असा त्यांचा आरंभी विचार होता. तो मार्गदर्शकाच्या सल्ल्यावरून त्यांनी सोडून दिला आणि हिशेब चोख ठेवले. सल्ला पटला की ऐकता येणे हाही गुणच म्हणायचा, आणि घरचा व्यवसाय करणाऱ्यांत तो फार कमी आढळतो.

तिरकस_कोन

चिकाटीचे कौतुक जरा जपून करावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ही गोष्ट भाषणांतून नेहमी सांगितली जाते. पण बेळगावात त्यांनी आधी सायकलींचे दुकान चालवले होते आणि कडबा कापण्याची यंत्रेही ते बनवत होते, हे सांगायचे राहून जाते. दुसरीकडून चार पैसे येण्याची सोय असेल तरच थांबणे परवडते. ती नसेल तर त्याच चिकाटीपायी घर गहाण पडते. कधी थांबायचे, याचा आकडा आधीच कागदावर लिहून ठेवणारा माणूस मला धाडसी माणसापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

भोसरीचा_सेटर

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न विचारतो. वसुलीचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवले तर चालेल का? माझी पत्नी एका पतसंस्थेत काम करते आणि या बाबतीत ती माझ्यापेक्षा खंबीर आहे.

जॉबवर्कवाला

अवश्य चालेल. पुष्कळ वर्कशॉपमध्ये नवरा मशीन सांभाळतो आणि बायको बिले, जीएसटी व वसुली पाहते. पार्टीलाही त्याची सवय असते. मात्र दर तुम्हालाच ठरवावा लागेल, कारण एका नगाला किती मिनिटे लागतात आणि किती इन्सर्ट (टूलची बदलता येणारी पाती) झिजतात, हे तुम्हालाच ठाऊक आहे. तोंडी भाव करणे जमत नसेल तर करू नका. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), टूलचा खर्च, मशीनचा ताशी दर असे स्वतंत्र रकाने करून कोटेशन लेखी पाठवा. समोरच्याने पाच टक्के कमी करायला सांगितले, तर कोणत्या रकान्यातून कमी करायचे ते त्यालाच विचारा. आणि ताईंनी पतसंस्थेतली नोकरी पहिले वर्षभर तरी सोडू नये, कारण तिरकस_कोन यांनी म्हटलेली दुसरी सोय तुमच्या घरात तीच आहे.