मदत हवी आहे: वाचनालयाला पैसे द्यावेत की कपाट?

नमस्कार मंडळी, मी मूळची माण तालुक्यातली, आता साताऱ्यात. फावल्या वेळातल्या लिखाणाचे थोडे थोडे करत ९,००० रुपये साठलेत. ते गावच्या वाचनालयाला द्यायचेत. तिथल्या लाकडी कपाटाला वाळवी लागलीय; स्पर्धा परीक्षेच्या एकुलत्या एका पुस्तकाची पानं पोरांनी सुतळीनं बांधलीत. भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, आमच्याकडे निदान एक धड कपाट तरी व्हावं!

रोख द्यायला मन धजत नाही. मागे एका कामाला वर्गणी दिली, पावती आजतागायत आली नाही. (देणगीवरच्या ८०जी करसवलतीचं सांगू नका, नव्या करप्रणालीत ती सवलत मिळत नाही.) लोखंडी कपाटच घेऊन दिलं तर वाचनालयाच्या नोंदवहीत कसं चढवून घ्यायचं? आणि पुस्तकांना किती उरतील? कुणी असं केलंय का?