मदत हवी आहे: स्ट्रॉबेरी ट्री बोन्सायची पानं काळी पडतायत, अर्जंट

घोडबंदरकर: पानं कडेने काळी होऊन गळतायत, आता शेंड्यानेही मान टाकली. बुंधा इतका देखणा आहे, तांबूस, खवल्याखवल्यांचा, तो जायला नको. खत कुठलं घालू? आजच सांगा प्लीज.

नेरूळची माळीण: आधी झाड कुठलं ते सांगा. आपल्याकडे सिंगापूर चेरीपण याच नावाने विकतात. पान लवदार, चिकट लागलं तर ती चेरी. जाड, चकचकीत, कडेला दाते असतील तर आर्बुटस, म्हणजे खरं स्ट्रॉबेरी ट्री. पाऊस लागतो का? माती कसली?

घोडबंदरकर: चकचकीतच आहे, लेबलवर आर्बुटस उनेडो लिहिलंय. बाल्कनीत आहे. खताचं सांगा ना.

वडप्रेमी: हे विलायती कशाला हवं, ठाण्याच्या हवेत वड, उंबर लावा, डोळे मिटून जगतात.

खारघर बोन्साय: काका, वडाचं कुणी विचारलंय? हे झाड भूमध्य समुद्राकडचं, तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे नेमका भर उकाड्यात चार महिने धो धो, त्यात मुळं सडतात. खत अजिबात नको. मातीचं सांगितलं नाहीत.

घोडबंदरकर: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत. पाऊस तिरका येतो हो, कुंडी भिजतेच. मग रिपॉट करू?

नेरूळची माळीण: नको! या झाडांना मुळं हलवलेली खपत नाहीत, याचंच भावंड, अमेरिकेतलं मॅड्रोन तर त्याबाबतीत फारच नाजूक. आत घ्या, ऑक्टोबरपर्यंत थांबा.

खारघर बोन्साय: ताई, कुजक्या कोकोपीटमध्ये ऑक्टोबर बघणारच नाही ते. मुळांचा गोळा कुंडीतून अलगद काढा, मुळं ओढून बघा, साल सरकून आत नुसता दोरा उरला तर सडलंय, तेवढंच कापा. बाकी गोळा फोडू नका, बाजूने विटेचे तुकडे आणि परलाईट (पाणी न तुंबू देणारे हलके पांढरे खडे) भरा.

अझेलियावाली: अझेलियासारखी आंबट (आम्लधर्मी) माती लागत असेल, ताक घालून बघा.

खारघर बोन्साय: ताक नको हो, बुरशी येईल. अझेलियाच्याच कुळातलं असलं तरी याला चुनखडीची जमीनसुद्धा चालते.

प्रवासी: माद्रिदच्या मानचिन्हावर अस्वल आणि हेच झाड आहे, चौकात पुतळापण बघितला आम्ही. फळ पिकायला वर्ष लागतं, म्हणून फुलं-फळं एकदमच दिसतात.

वडप्रेमी: फळ डायबेटिसला चालतं का?

घोडबंदरकर: काढून बघितलं, मधली मुळं काळी, दोरा उरतोय तसंच, कडेची पांढरी आहेत. वास येतोय.

नेरूळची माळीण: मग खारघरवाल्यांचंच करा, काळी काढाच. थोडी पानंपण कमी करा.

खारघर बोन्साय: पांढरी आहेत म्हणजे आशा आहे. वारा खेळेल अशा जागी आडोशाला ठेवा, माती वरून सुकली की मगच पाणी. आणि वरचं सगळं वाळलं तरी उपटून टाकू नका, बुंध्याच्या तळाशी गाठ असते तिथून पुन्हा फुटतं.