मानसिकतेपेक्षा वाळूचे ढीग वेगळे ठेवणं महत्त्वाचं

'मालकांची मानसिकता बदलली की चक्रीय अर्थव्यवस्था (टाकाऊ माल फेकून न देता पुन्हा वापरणं) आपोआप येईल' हे मला अर्धंच पटतं. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत) साच्यांसाठी वापरलेल्या वाळूचं काय करायचं हा रोजचा प्रश्न. आम्हाला ती पुन्हा वापरायची होतीच, पण अडलं ते आवारात! बेंटोनाइट या चिकणमातीने बांधलेली ओलसर 'हिरवी' वाळू आणि कोअरची (भागात पोकळी ठेवणाऱ्या आतल्या साच्याची) रेझिनने, म्हणजे चिकट रसायनाने, बांधलेली वाळू एकाच ढिगात पडायची. रेझिन भट्टीत जळून जातं, बेंटोनाइट जळत नाही, ते घासूनच काढावं लागतं. त्यामुळे मिसळलेली वाळू शुद्ध करणं फार महाग पडतं. ढीग वेगळे केले तेव्हाच हिशेब जमू लागला. शिवाय छोट्या फौंड्रीला वाळू शुद्ध करणारा स्वतःचा प्लांट परवडत नाही, तिथे सामायिक प्लांटच हवा.