नवऱ्याची सही कायद्यात नाही

"गर्भपाताला नवऱ्याची सही नसेल तर डॉक्टर हात लावत नाहीत, कायदाच तसा आहे" असं कुणीतरी लिहिलंय. हात लावत नाहीत हे खरं. कायदा मात्र तसा नाही. १९७१च्या गर्भपात कायद्याप्रमाणे बाई १८ वर्षांची झालेली असेल तर फक्त तिची संमती लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. गर्भनिरोधक साधन फसलं, हेही मान्य कारण आहे, लग्न झालेलं असो वा नसो.

आमच्या बीडमध्ये डॉक्टरांची भीती वेगळीच आहे. २०११च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्यानंतर दवाखान्यांच्या तपासण्या कडक झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. पण गुन्हा लिंगनिदानाचा आहे, प्रत्येक गर्भपाताचा नाही, हे दवाखान्यातलेच विसरले.

माझ्या मावसबहिणीला दुसऱ्या महिन्यात "नवऱ्याला घेऊन ये" म्हणून परत पाठवलं. नवरा आधीच ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला. तिनं मेडिकलवरून गोळ्या आणल्या, कुणाला न विचारता, आणि मागून ऊसतोड मजुरांच्या टोळीबरोबर निघाली. उसाच्या फडातच रक्तस्राव सुरू झाला. वाचली, पण महिनाभर उठता येत नव्हतं, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, अजून अंगावर आहे.

टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकांनी, त्याआधी वस्तीवर जाऊन ही सहीची गोष्ट तेवढी सांगावी.