ब्लाइंडच्या पट्ट्या भिंतीवर उमटतच नाहीत: ‘डबल इन्डेम्निटी’सारखा उजेड कसा साधायचा?

अर्धाउजेड:
१२ मिनिटांच्या कृष्णधवल लघुपटातला एक प्रसंग ‘डबल इन्डेम्निटी’ या अमेरिकी चित्रपटातल्या (१९४४) डीट्रिकसनच्या दिवाणखान्यासारखा हवा आहे. बाहेर रणरणतं ऊन, आत कोंदट अंधारी, आणि ब्लाइंडच्या पट्ट्या भिंतीवर अन् माणसांच्या कपड्यांवर. चाचणीत मात्र भिंतीवर नुसता करडा ढग आला. मांडणी अशी: खिडकीला २५ मिमी पात्यांचं पांढरं ॲल्युमिनियम ब्लाइंड, बाल्कनीत ३० × ३० सेंमीचं एलईडी पॅनल ब्लाइंडपासून २ मीटरवर, आणि समोरची भिंत ब्लाइंडपासून ३ मीटरवर. पॅनलची तीव्रता वाढवली तर ढगच उजळ होतो.

तीन प्रश्न. पट्ट्या का येत नाहीत? चित्रपटात उन्हाच्या झोतात धूळ तरंगताना दिसते, ती कशी आणायची? आणि पटकथेबद्दल: तिथे नायक सुरुवातीलाच गुन्हा कबूल करतो, तरी शेवटपर्यंत खिळवून ठेवतो. आमच्या संहितेतही तसंच निवेदन आहे, पण वाचताना ते आकाशवाणीच्या श्रुतिकेसारखं वाटतंय. काय चुकतंय?

रिळ_नं_७:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर चार शब्दांत: दिवा आकाराने मोठा आहे. तीव्रतेचा इथे काही संबंध नाही.

सावलीची कड किती पसरेल याचा हिशोब सोपा आहे. दिव्याचा आकार गुणिले ब्लाइंड ते भिंत अंतर, भागिले दिवा ते ब्लाइंड अंतर. तुमचे आकडे घाला: ३० × ३ ÷ २ = ४५ सेंमी. २५ मिमीच्या ब्लाइंडमध्ये एका पात्यापासून दुसऱ्या पात्यापर्यंत साधारण २१ मिमी असतात. तुमच्या भिंतीवर ते मोठे होऊन ५ सेंमीच्या आसपास पडतात. पट्टी ५ सेंमीची आणि तिची कड ४५ सेंमी पसरलेली, म्हणजे शेजारच्या आठ-नऊ पट्ट्या एकमेकींत कालवल्या गेल्या. तोच तुमचा ढग.

पॅनल काढा आणि सीओबी दिवा (लहानशा चकतीएवढा एलईडी) उघडा लावा. सॉफ्टबॉक्स नाही, रिफ्लेक्टरची वाटीसुद्धा नाही. वाटी लावली की दिव्याचा आकार वाटीच्या तोंडाएवढा होतो आणि पुन्हा तीच गत. उघडा सीओबी ३ सेंमी धरा. जुना बेबी (भिंगाचा छोटा स्टुडिओ दिवा) मिळाला तर तो पूर्ण फ्लडवर, म्हणजे झोत रुंद करून, ठेवा. स्पॉटवर झोत जोरदार वाटतो, पण सावलीची कड मऊ पडते. लोक नेमकं उलटं करतात.

एवढं करूनही ३ मीटरवरच्या भिंतीवर कड ४.५ सेंमी पसरेल आणि पट्टी ५ सेंमीची, म्हणजे अजून खिचडीच. म्हणून ब्लाइंड ५० मिमीचं घ्या (त्यात पात्यांमधलं अंतर ४४ मिमीच्या आसपास असतं) आणि ज्यावर पट्ट्या हव्यात ते खिडकीजवळ आणा. १.५ मीटरवर पट्ट्यांमधलं अंतर ७.७ सेंमी आणि कडेचा पसारा सव्वादोन सेंमी, हे झकास दिसतं.

बाल्कनीत जागाच नसेल तर आरसा वापरा. बाल्कनीच्या टोकाला २ × ३ फुटांचा साधा सपाट आरसा उभा करून दिवा त्याच्यावर मारायचा. दिवा ते आरसा आणि आरसा ते ब्लाइंड ही दोन्ही अंतरं बेरजेत धरली जातात, त्यामुळे फुकटात दीड-दोन मीटर मिळतात. आरसा ५ मिमीपेक्षा पातळ नको, पातळ काच वाकते आणि पट्ट्या लाटांसारख्या पडतात.

आणि पांढरी चकचकीत पाती टाळा. एका पात्यावरचा उजेड वरच्या पात्याच्या पोटावर उडतो आणि सावल्या दुधाळ होतात. मॅट काळा किंवा गडद तपकिरी स्प्रे मारून घ्या. पाती दिव्याच्या दिशेने इतकीच कलवा की उजेड आणि सावली निम्मी-निम्मी पडेल.

खिडकीतला:
वरच्या हिशोबात एक भर. खरं ऊनही या नियमातून सुटत नाही. सूर्यबिंब आकाशात अर्ध्या अंशाचं दिसतं, त्यामुळे ३ मीटरवर सावलीची कड जवळजवळ २.८ सेंमी पसरते. २५ मिमीच्या ब्लाइंडमधून खरं ऊन आलं तरी लांबच्या भिंतीवर पट्ट्या दिसत नाहीत, त्या याच कारणाने. ‘नैसर्गिक उजेडात करू’ म्हणणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

तिरप्या पट्ट्या हव्या असतील तर समोरच्या भिंतीचा नाद सोडा. खिडकीला समांतर असलेल्या भिंतीवर, दिवा कितीही बाजूला नेला तरी, आडव्या पात्यांच्या रेघा आडव्याच पडतात. खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर त्या उतरत्या पडतात. शिवाय ती भिंत खिडकीला लागूनच असल्यामुळे रेघा ठसठशीतही येतात.

आता धूळ. छायालेखक जॉन सेट्झ यांनी सेटवर ॲल्युमिनियमची बारीक पूड हवेत उडवली होती. दिग्दर्शक बिली वाइल्डर यांना ते घर राबता नसलेलं, नीट न झाडलेलं वाटायला हवं होतं, आणि खरी धूळ कॅमेऱ्यात पुरेशी चमकत नाही. तुम्ही हे अजिबात करू नका. ती पूड फुप्फुसात जाते, तिचा ढग ठिणगीने पेट घेतो, आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसली तर वेगळाच खर्च. हेझर (हलकं धुकं सोडणारं यंत्र) भाड्याने मिळतो तो आणा. तेवढं बजेट नसेल तर लोभान किंवा धूप चालतो, पण त्याचा धूर पट्ट्यापट्ट्यांनी वर चढतो. खोली बंद करून पंखा एक मिनिट सर्वांत कमी वेगावर फिरवा, मग बंद करून दोन मिनिटं थांबा, धूर सारखा पसरेल. इमारतीत धुराचा अलार्म असेल तर सोसायटीला आधी कळवा, आणि कुणाला दमा असेल तर धूप नकोच.

गफलत नेहमी दोन ठिकाणी होते. धुरात झोत दिसायला कॅमेरा साधारण दिव्याच्या दिशेने बघणारा हवा, म्हणजे दिवा पात्राच्या मागे-बाजूला. कॅमेऱ्यामागून दिवा मारला तर झोत दिसत नाही, काळा रंग तेवढा राखाडी होतो. दुसरं म्हणजे सातत्य. पहिल्या शॉटला दाट आणि पाचव्याला विरळ धूर असेल तर संकलनात खोली उड्या मारताना दिसते. दर शॉटआधी त्याच कोपऱ्यातल्या त्याच काळ्या वस्तूकडे बघून धुराची पातळी जुळवून घ्या.

पानवाचक:
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. वरची मंडळी दिव्यात रमली आहेत, पण या चित्रपटाचं खरं बळ मला पटकथेतच दिसतं.

जेम्स एम. केन यांची ही कादंबरी १९३६ मध्ये ‘लिबर्टी’ साप्ताहिकात क्रमशः आली. मूळ धागा १९२७ च्या न्यूयॉर्कमधल्या रूथ स्नायडर खटल्याचा: नवऱ्याच्या नावावर विमा, त्यात अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम, आणि प्रियकराच्या मदतीने खून. आपल्याकडच्या पॉलिसीतलं ‘डबल ॲक्सिडेंट बेनिफिट’ हे याच कलमाचं भावंड, त्यामुळे कथेचा पेच मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

वाइल्डर यांनी पटकथेसाठी रेमंड चँडलर यांना घेतलं. चँडलर यांची ही पहिलीच पटकथा. केन यांचे संवाद जसेच्या तसे ठेवावेत असं वाइल्डर यांचं मत होतं. चँडलर म्हणाले, हे डोळ्यांसाठी लिहिलेले संवाद आहेत, तोंडी बसत नाहीत. नटांकडून वाचून घेतले तेव्हा चँडलर बरोबर निघाले. तुमची श्रुतिकेची तक्रार इथेच सुटेल: निवेदन कागदावर तपासू नका, नटाकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे त्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो तिथे वाक्य तोडा.

पण मुख्य फरक वेगळा आहे. चित्रपटात विमा एजंट नेफ फिलिसशी संगनमत करून तिच्या नवऱ्याचा खून करतो, आणि पुढे गोळी लागलेल्या अवस्थेत रात्री ऑफिसात येऊन डिक्टाफोनवर (आवाज नोंदवणाऱ्या यंत्रावर) बोलतो. तो प्रेक्षकाशी बोलत नाही, कीजशी बोलतो. दावे तपासणारा त्याचा सहकारी, ज्याला तो सबंध चित्रपटभर फसवत आला आहे. निवेदनाला ऐकणारा माणूस मिळाला की त्यात लाज येते, फुशारकी येते, मधूनच चिडवणं येतं. खून कुणी केला हे पहिल्याच रिळात सांगून टाकलं, म्हणून उत्सुकता ‘कोण’वरून ‘कीजला कधी कळणार’वर सरकते. तुमचा निवेदक कुणाशी बोलतोय? उत्तर ‘प्रेक्षकांशी’ असेल तर श्रुतिका होणारच.

शिवाय निवेदनाने चित्राचं काम करू नये. प्रत्यक्ष खुनाच्या वेळी गाडीत मागे लपलेला नेफ उठतो, आणि कॅमेरा गाडी चालवणाऱ्या फिलिसच्या चेहऱ्यावर जातो. शेजारी नवरा मरतोय तो चौकटीबाहेर. तिची नजर समोरच्या रस्त्यावर. निवेदन त्या वेळी गप्प. बार्बरा स्टॅनविक यांच्या चेहऱ्यावर जे हलतं तेवढंच आपल्या वाट्याला येतं.

कादंबरीचा शेवट (वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा) पार वेगळा आहे. दोघं जहाजावर आहेत आणि समुद्रात उडी घ्यायच्या बेतात आहेत. वाइल्डर यांनी नेफला गॅस चेंबरमध्ये देहदंड होतो असा शेवट चित्रित केला आणि मग कापून टाकला. राहिला तो ऑफिसच्या दारातला. चित्रपटभर कीजला काडी सापडत नाही आणि नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याची सिगार पेटवून देतो. शेवटी नेफ उंबऱ्यावर कोसळलेला असतो आणि कीज त्याची सिगरेट पेटवतो. देहदंड दाखवून यापेक्षा जास्त काय सांगता आलं असतं, मला सुचत नाही.

चौकटबाह्य:
पानवाचकांशी सहमत, आणि पट्ट्यांबद्दल थोडा विरोधी सूर. सगळा लघुपट ब्लाइंडखाली घालू नका. याच चित्रपटात खुनाची आखणी सुपरमार्केटमध्ये, डब्यांच्या रांगांमध्ये, सपाट उजेडात होते, आणि तो प्रसंग दिवाणखान्यापेक्षा जास्त भीतिदायक आहे. फिलिस पहिल्यांदा जिना उतरते तेव्हाही पट्ट्या आहेत, पण त्या कठड्याच्या गजांच्या, आणि त्यांतून फक्त पायातली साखळी दिसते.

तसंच तपशिलातून येणारा ताण बघा. नेफ घरून निघताना फोनच्या आणि दाराच्या घंटीत कार्डाचा तुकडा अडकवतो. परत आल्यावर कार्ड जागेवर असेल तर मधल्या वेळात कुणी फोन केला नाही, कुणी दार वाजवलं नाही. किंवा कीजचा तर्क: नवरा ज्या रेल्वेगाडीतून पडून मेल्याचा देखावा केला, ती त्या जागी ताशी १५ मैलांनी चालली होती, म्हणजे २४ किलोमीटर, तेवढ्यावरून उडी मारून मरायची खात्री कोण धरेल? आणि आधी पाय मोडला तेव्हा नवऱ्याने अपघात विम्याचा दावा का केला नाही? कदाचित आपला विमा आहे हेच त्याला माहीत नव्हतं. असा एक प्रश्न तुमच्या संहितेत असेल तर पट्ट्या नसल्या तरी चालेल.

चुकाही याच चित्रपटात आहेत. नेफ अविवाहित, पण नटाच्या बोटात लग्नाची अंगठी दिसते. त्याच्या फ्लॅटचं दार बाहेर, पॅसेजमध्ये उघडतं. असं दार सहसा कुणी बसवत नाही, पण फिलिसला त्यामागे लपवायचं होतं ना! प्रसंग इतका घट्ट आहे की बघताना कुणाच्या लक्षातच येत नाही.

अर्धाउजेड:
सर्वांचे आभार. निवेदक आता धाकट्या भावाला व्हॉइस नोट पाठवतोय असं करून बघतो. उजेडाची नवी मांडणी: ५० मिमीचं काळं ब्लाइंड, आरशासकट दिव्याचं अंतर ३.५ मीटर, नट ब्लाइंडपासून १.२ मीटरवर बसलेला. पट्ट्या सुरेख आल्या, पण डोळे नेमके सावलीत जातात. आणि चेहरा मधूनच लुकलुकतो.

रिळ_नं_७:
लुकलुकणं शटरचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा. २४ फ्रेमच हव्या असतील तर शटर अँगल १७२.८ अंश.

डोळ्यांसाठी ब्लाइंडला हात लावू नका, दिवा हलवा. दिवा वर गेला की पट्टी खाली येते. तुमच्या अंतरांना पट्टी २ सेंमी खाली आणायची तर दिवा सुमारे ६ सेंमी वर घ्यावा लागेल (आरसा सरळ उभा आहे असं धरून). उजेडाची पट्टी नटाच्या चेहऱ्यावर जेमतेम ३ सेंमीची आहे, एका ओळीत डोळे तेवढे मावतील. मान ३ सेंमी हलली की गेले. म्हणून त्याला उंच पाठीच्या खुर्चीवर बसवा, डोकं टेकवायला सांगा, आणि ज्या वाक्याला डोळे हरवलेले हवेत तिथेच त्याला पुढे झुकू द्या.