प्रभावतीगुप्ता : वाकाटकांची राज्यकर्ती की गुप्तांची हस्तक?

चर्चाप्रस्ताव
पती, विदर्भातील वाकाटक घराण्याचा राजा दुसरा रुद्रसेन, अकाली वारल्यावर गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची कन्या प्रभावतीगुप्ता आजच्या नागपूरजवळील नंदिवर्धनातून अल्पवयीन युवराज दिवाकरसेनाच्या नावे राज्य चालवत होती. तिचा दानलेख असलेला पुणे ताम्रपट या कारकिर्दीच्या 13व्या वर्षाचा आहे, म्हणजे हा कारभार चार दिवसांचा नव्हता. तरीही तिचे नाव निघाले की ‘सूत्रे पाटलिपुत्राहून (म्हणजे गुप्तांकडून) हलत होती’ हे वाक्य ठरल्यासारखे पाठोपाठ येते. ताम्रपटाच्या मुद्रेवर ‘युवराजाच्या जननीचे शासन’ असे स्पष्ट कोरलेले असताना आणि कालगणना गुप्त संवताची नसताना तिला राज्यकर्ती म्हणण्यास अडचण कोणती?

प्रतिसाद 1
अडचण त्याच पटाच्या आरंभी आहे. तिथे घटोत्कचापासून चंद्रगुप्तापर्यंत गुप्तांची वंशावळ येते, विंध्यशक्ती वा पहिला प्रवरसेन या वाकाटक पूर्वजांचे नावही नाही. पिता ‘महाराजाधिराज’, पती नुसता ‘महाराज’. गोत्रसुद्धा ती पितृकुळाचे ‘धारण’ सांगते, वाकाटकांचे विष्णुवृद्ध नव्हे. त्याच सुमारास चंद्रगुप्ताने माळवा-गुजरातचे क्षत्रप (शक राज्यकर्ते) संपवले. अशा वेळी दक्षिणेकडचे राज्य मुलीच्या हाती असणे हा मला योगायोग वाटत नाही.

प्रस्तावकाचे उत्तर
माहेरचे नाव मिरवणे आणि माहेरच्या सांगण्यावरून संसार चालवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा ताम्रपट पाहावा. तो तिचा नंतर गादीवर आलेला मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षाचा आहे. तोवर चंद्रगुप्ताला जाऊन बरीच वर्षे लोटली होती आणि राजा मुलगा होता. तरीही दान ती स्वतःच्या नावे, रामगिरीच्या म्हणजे रामटेकच्या स्वामींच्या (तिथल्या देवाच्या) पायांपाशी देते आणि वंशावळ पुन्हा गुप्तांचीच सांगते. आज्ञा देणारा पिताच उरला नसताना ती वंशावळ कोणाच्या दबावाने आली? मला तो तिचा स्वतःचा ताठा वाटतो.

प्रतिसाद 2
धर्माचा मुद्दा दोघांनीही सोडला आहे. ती ‘अत्यंतभगवद्भक्ता’ म्हणजे विष्णूची निस्सीम भक्त, पतीही चक्रपाणीचा म्हणजे विष्णूचाच भक्त. पण मुलगा आपल्या पटांत ‘परममाहेश्वर’ म्हणवतो, म्हणजे पूर्वजांच्या शिवभक्तीकडे परततो. आईची सत्ता निर्विवाद असती, तर हे तिच्या हयातीत घडले असते का?

प्रतिसाद 1
रिद्धपूरचा मुद्दा मान्य, पण तो उत्तरायुष्याचा आहे. नंदिवर्धनातील त्या 13 वर्षांत पिता हयात होता, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.